अब्बाचा रुमाल अन् महारेराची परीक्षा

अमरावती
११ जून २०२३

साजिद,

अस्सलाम आलेकुम. पाकिटावरचं अक्षर पाहूनच तुले समजलं असन का हे आपाचं पत्र हाय. तरी फाडू नको. तिकीट लावून पाठवलं हाय, फुकट नाही.

फोन करून पाहिला. माहं नाव दिसलं की तू कापतो. मग तुह्या दुल्हेभाईच्या फोनवरून केला, तर माहा आवाज ऐकून 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. सख्ख्या मोठ्या बहिणीले राँग नंबर म्हणणारा अख्ख्या वऱ्हाडात तू एकटाच असशीन. उर्दू आपल्या दोघायलेबी वाचता येते, पण लिहाले बसलं की हात अडते. जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो, मराठीच शिकलो, म्हून मराठीत लिहून राहिली.

आता कामाचं. महारेरानं काढलं हाय का घरं, फ्लॅट, प्लॉट विकून देणाऱ्या प्रत्येक एजंटनं ट्रेनिंग घ्यायचं अन् मग परीक्षा द्यायची, तीबी कॉम्प्युटरवर. पास झाला त्याले प्रमाणपत्र. प्रमाणपत्र नसन तर नोंदणी बंद, अन् नोंदणी बंद म्हणजे धंदा बंद. मुदत सप्टेंबरची हाय, पुढं सरकन असं लोक म्हणून राहिले. तुले हे सगळं ठाऊक हाय, अन् तरी तू काहीच करून नाही राहिला, हे माह्या कानावर आलं. कोणं सांगितलं ते विचारू नको.

माहा फॉर्म भरून झाला. तू म्हणशीन, गादीवालीले काय गरज. पण तुले माहीत हाय, माहा धंदा गादीतूनच निघाला. माणूस खोली भाड्यानं घेते अन् पहिले गादी घ्यायले आमच्या दुकानात येते. दर्यापूरचे, नांदगाव खंडेश्वरचे पोट्टे शिकायले येतात, दवाखान्यातल्या सिस्टर येतात, अन् सगळे विचारतात, बाई, कुठी खोली हाय का. मग मी म्हटलं, गादी आपली तर खोलीबी आपणच का देऊ नये? खोल्यावरून फ्लॅटवर आली. तुहे दुल्हेभाई गयासुद्दीन गादी शिवतात, मी घर दाखवते. आमचं बरं चाललं हाय, अल्लाचं करम हाय.

काळजी तुही हाय. अकोल्याच्या तुह्या दुकानावर बोर्ड हाय 'नजीर दलाल अँड सन'. अब्बा जाऊन इतके वर्षं झाले, तरी नाव त्यायचंच पहिलं हाय. सन म्हणजे तू. डॉटर त्या बोर्डात मावली नाही, त्याचं मले काही वाटत नाही. पण तो बोर्ड उतरला तर मले वाईट वाटन, साजिद. लय वाईट वाटन. एवढ्याचसाठी हे पत्र लिहिलं. माह्याशी बोलू नको, पण परीक्षा दे.

तुह्या घरवालीले, तहरीमले दुआ.

आपा


अमरावती
२ जुलै २०२३

साजिद,

बकरीदले तू आला नाही. तहरीमनं डबा पाठवला, तो तूच पाठवला असं धरून आमी खाल्ला. कलेजी चांगली झाली होती.

माहं ट्रेनिंग सुरू हाय. वर्गात सगळे इस्त्रीच्या शर्टातले पोट्टे, अन् त्यायच्यात मी एक बुरखेवाली. पहिल्या दिवशी त्यायले वाटलं मी कोणाच्या तरी पोराले सोडायले आली. सर चांगले हाय, हळू शिकवतात. चटई क्षेत्र म्हणजे काय, ते शिकवलं. भिंतीच्या आतलं, माणसाले खरोखर वापरता येते तेवढंच चटई क्षेत्र, बिल्डर तोंडानं सांगन ते नाही. मी घरी येऊन गयासुद्दीनले सांगितलं, तर त्यायनं तोंडातला दोरा काढला अन् म्हणे, "म्हणजे जितक्यात गाद्या मावतात तितकं." हे मी वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. व्याख्या विसरली तरी गाद्या विसरणार नाही.

आता ते रोज गादी भरताभरता मले प्रश्न विचारतात. एका हातात दाभण, दुसऱ्या हातात माहं पुस्तक. गिऱ्हाईक आलं अन् त्यानं विचारलं का बाई, ही गादी किती वर्षं टिकन, तर काल माह्या तोंडून निघालं, बांधकामात दोष निघाला तर पाच वर्षं जबाबदारी बिल्डरची.

तू अकोल्याच्या क्लासले गेला होता, हे समजलं. चहाच्या सुट्टीत उठून आला अन् परत गेला नाही, हेबी समजलं. सरनं उभं करून काही विचारलं, तुले आलं नाही, मागचे पोट्टे हसले. एवढंच ना? मलेबी हसतात. हसू दे, त्यायचे दात त्यायच्या तोंडात. नाही आलं तर सांगावं का नाही आलं. जे हाय ते तोंडानं बोलावं, त्यात लपवायचं काय? तुहा माहा झगडाच हा हाय.

सुंदराबाईच्या प्लॉटचं आठव. तू आठवतच असशीन, दोन वर्षं तेच धरून बसला हाय. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली बाई, आयुष्यभर दुसऱ्यायचे लेकरं धुतले, अन् एक प्लॉट घेऊन ठेवला होता. तो विकायले तुह्याकडं आली. तू तिले आतल्या खोलीत बसवलं, अन् घेणारा अनुप, तो दर्यापूरचा मास्तर, त्याले बाहेर बाकावर. तिले एक भाव सांगे, त्याले दुसरा. मधातलं तुहं. तू आत-बाहेर, आत-बाहेर करून राहिला होता, अन् मी तहरीमची गादी द्यायले आली होती ते पाहत बसली. मग मले राहवलं नाही. बाई जो भाव मागून राहिली होती तो मी बाहेर ऐकू जाईन असा मोठ्यानं सांगितला. दोघायनं समोरासमोर बसून सौदा केला. तुही रीतसर दलाली तुले भेटली. मधातलं गेलं.

तवा तू खुंटीवरचा अब्बाचा रुमाल खांद्यावर टाकला अन् म्हणाला, "आपा, तूने अब्बा का रुमाल भरे बाजार में खींच लिया." अन् गेला तो गेलाच.

अब्बा बैलबाजारातले दलाल होते, साजिद. दर्यापूर, अंजनगाव, जिथं बाजार तिथं ते. बैलाचा भाव तोंडानं बोलायचा नसे. दोघायच्या हातावर रुमाल टाकायचा अन् खालून बोटं दाबायची, आधी मोठा आकडा, मग सुट्टा. बाजूच्याले पत्ता लागत नसे. ती बैलाची रीत होती. घरात माणसं राहतात. विकणाऱ्या बाईले समजू नये का तिची जागा कितीले गेली? मी तवा बोलली ते बरोबर बोलली, अन् आजबी तेच बोलीन. तुले राग आला तर येऊ दे.

पण क्लासले परत जाय.

आपा


अमरावती
७ ऑगस्ट २०२३

साजिद,

काल परीक्षा दिली. घाईत लिहून राहिली, दुकानात गिऱ्हाईक हाय.

केंद्र गावाबाहेरच्या एका कॉलेजात होतं. गेटवर पर्स, फोन, पाण्याची बाटली सगळं काढून घेतलं. माऊस पहिले हातात राहत नव्हता, इकडं न्यायले जाओ तर तिकडं पळे, पण जमलं. एक प्रश्न, खाली चार उत्तरं, एकावर टिचकी मारायची. मले वाटलं होतं काय न् काय विचारतीन. सगळं शिकवलेलंच आलं. वेळेच्या आधी उठून बाहेर आली, तर गयासुद्दीन म्हणे, इतक्या लवकर? मी म्हटलं, मग काय झोपू का तिथं?

तू उगाच घाबरतो. तुले माहीत असलेल्या गोष्टी हाय सगळ्या, फक्त पुस्तकी भाषेत. निकाल लागला का कळवते.

आपा


अमरावती
१७ सप्टेंबर २०२३

साजिद,

बरेच दिवस लिहिलं नाही. गाद्यायचं काम होतं, अन् पाठबी धरली होती.

इकडं सगळ्यायच्या तोंडी सोयाबीन हाय. चांगलं हिरवंगार होतं अन् आठवड्यात पिवळं पडलं म्हणतात, शेंगा भरल्याच नाही. कापसाचं तर बोलूच नको. कापसाले भाव नाही म्हून रुई आमाले स्वस्त पडून राहिली. मले वाटलं गयासुद्दीन खूश होतीन, तर ते म्हणे, "अकीला, हे स्वस्त काही कामाचं नाही. गावात पैसा नसन तर गादी भरून घेईन कोण?" खोली पाहायले येणारेबी तसेच. पोराले शहरात ठेवायचं म्हून वावराचा तुकडा काढला, असं सांगतात अन् खिडकीतून बाहेर पाहतात. त्या तुकड्यात आता लेआऊटचे पांढरे दगड. मी त्यायले घासाघीस न करता खोली दाखवते, अन् घरमालकाशी मीच भांडते. तेवढं तर माह्या हातात हाय.

मुदत जानेवारीवर गेली. डिसेंबरात अजून एक परीक्षा हाय. फॉर्म भर.

सुंदराबाई आल्या होत्या. नातीचं इथल्या नर्सिंगले नाव लागलं, तिच्यासाठी खोली पाहिजे होती. त्या माह्याकडंच येतात, अन् ओळखीच्यायलेबी पाठवतात. बसल्या, तुही खुशाली विचारली. मी म्हटलं, बरा हाय, अकोल्याले हाय. मग म्हणे, "अकीलाबाई, तुमची ते परीक्षा झाली ना? पास झाल्या का?" मी म्हटलं, चहा घ्या.

निकालाचं तू काही विचारलं नाही, म्हून मीबी लिहीत नाही. ते वेबसाइटचंबी काही खरं नसते.

तहरीमले सांग, कलेजीचा डबा माह्याकडंच हाय. कोणी येणारं असन तर पाठवते.

आपा


अमरावती
५ नोव्हेंबर २०२३

साजिद,

आज तहरीमनं सांगितलं का तू डिसेंबरचा फॉर्म भरला. कोणं सांगितलं ते विचारू नको असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, आता लपवून काय फायदा, तीच सांगते. तिच्यावर रागावू नको. तू दुकानाच्या मागच्या खोलीत टाईलच्या डब्ब्यायमागं पुस्तक ठेवतो, कोणी आलं का झाकतो, हेबी तिनंच सांगितलं. क्लासलेबी दुसऱ्या बॅचले, मूर्तिजापूरच्या ओळखीच्याकडं राहून गेला, म्हणजे अकोल्यात कोणाले दिसू नये. इतके कष्ट लपवायले केले त्यातले अर्धे अभ्यासाले केले तरी पास होशीन.

आता माहं ऐक. हे पत्र मी दोनदा लिहिलं अन् दोनदा ठेवून दिलं.

मी ऑगस्टात नापास झाली.

लिहिलं एकदाचं. निकाल ऑगस्टातच समजला होता. तुले लिहिलं नाही, सुंदराबाईले सांगितलं नाही, शेजारणीले सांगितलं का निकाल अडकला हाय. पाठ धरली नव्हती, मी तशीच पडून होती. जे हाय ते तोंडानं बोलावं म्हणणारी तुही आपा अडीच महिने तोंड शिवून बसली होती. आताबी सांगितलं नसतं. पण काहून नापास झाली ते तुले सांगणं भाग हाय, कारण तूबी त्यातच फसशीन. तुही तर ही शेवटचीच संधी हाय, यात गेला तर जानेवारीत बोर्ड उतरला समज.

मले सगळं येत होतं. त्यावर माहा अजूनबी दावा हाय. मग गेलं कुठं, हे मलेच समजेना. गयासुद्दीननं पुन्हा प्रश्न विचारायले सुरुवात केली. एक दिवस त्यायले कंटाळा आला होता, गादीची खोळ तिरपी शिवली गेली होती, म्हून त्यायनं सोपं केलं. पुस्तकात जे बरोबर उत्तर असन तेच पहिले वाचायचं, बाकीचे तीन मनानं जोडायचे. मी सगळे चुकली. एकूणएक. ते दाभण खाली ठेवून म्हणे, "अकीला, तू पहिल्यावर कधी थांबतच नाही."

मी म्हटलं काहीतरीच. त्यायनं पुन्हा विचारलं. पहिलं उत्तर ऐकलं, बरोबर हाय हे समजलं, अन् तरी माह्या मनात आलं, थांब, पुढं काय देतो ते पाहू. दुसरं ऐकलं, तिसरं ऐकलं, अन् त्यातलं एक धरलं.

तुले समजलं का काय झालं? अब्बा. बैलबाजारातून आल्यावर हात धुताधुता ते काय म्हणत? पहिल्या भावाले हो म्हणायचं नसते. समोरचा पहिले जे बोलते ते त्याचं खरं नसते. आपण दोघं हे ऐकत मोठे झालो. मी आजवर वांगेबी पहिल्या भावात घेतले नाही. कॉलेजातल्या त्या कॉम्प्युटरनं मले पहिलंच बरोबर उत्तर देऊ केलं, अन् मी त्याले दर वेळी म्हटलं, पुढचं बोल. आता आठवते मले, 'यापैकी नाही'वर तर मी किती भरवशानं टिचकी मारली होती.

गयासुद्दीन हसता हसता लोळले. मग डोळे पुसून म्हणे, "माह्या स्थळालेबी तुह्या बापानं पहिल्यांदा नाहीच म्हटलं होतं. दुसऱ्या खेपेले हो म्हटलं." खरं हाय ते. तुले आठवत असन, तू दारात उभा होता अन् त्यायच्या चपला लपवल्या होत्या.

तर साजिद, हे ध्यानात ठेव. तू माह्याहून पक्का दलाल हाय, म्हणजे माह्याहून जास्त चुकशीन. परीक्षा घेणारा सौदा करून नाही राहिला. त्याले तुह्याकडून काही काढायचं नाही. पहिलं उत्तर बरोबर वाटलं तर तेच घेजो. मान खाली घालून घेजो.

मीबी डिसेंबरले पुन्हा बसून राहिली. कोणाले सांगू नको.

आपा


अमरावती
११ डिसेंबर २०२३

साजिद,

माहं पत्र पोहोचल्यावर तू फोनवर अंगठा पाठवला. दोन वर्षात तुह्याकडून आलेली पहिली गोष्ट म्हणजे अंगठा. मी तो तुह्या दुल्हेभाईले दाखवला. ते म्हणे, सुरुवात हाय.

काल तुले गेटवर पाहिलं. तुह्यावालं केंद्र अमरावतीच येईन हे मले वाटलंच नव्हतं. किती वाळला हाय तू. अन् खांद्यावर अब्बाचा रुमाल. गेटवरचा माणूस म्हणे, "काका, रुमाल बाहेर ठेवा, आत काहीच चालत नाही." सगळ्यायच्या पिशव्या लिंबाखाली मातीत पडल्या होत्या. तू त्या ढिगाकडं पाहिलं अन् तिथंच उभा राहिला. घंटा व्हायची वेळ झाली, माणूस ओरडून राहिला, अन् तू हलेना. मले वाटलं, गेला हा परत. रुमालापायी परीक्षा सोडून जाते आता. मी हाक मारली असती तर तू नक्कीच गेला असता, म्हून तोंड दाबून उभी राहिली.

मग तू गयासुद्दीनकडं गेला, रुमाल त्यायच्या हातात दिला, अन् आत आला.

तुले माहीत नाही ते सांगते. त्यायनं तो खांद्यावर टाकला अन् आपण बाहेर येईपर्यंत उभे होते. समोर चहाची टपरी होती, बसायले बाक होता. गेले नाही. मी विचारलं काहून, तर म्हणे, "सासऱ्याचा रुमाल खांद्यावर घेऊन टपरीवर कसा बसू?" घरी येऊन पाय शेकत बसले होते.

आत तू माह्या पुढच्या रांगेत होता. सुरू व्हायच्या आधी तू डोळे मिटले, ओठ हलले. बिस्मिल्ला म्हणत होता का मले शिव्या देत होता ते समजलं नाही. माहं म्हणशीन तर दुसऱ्याच प्रश्नाले पहिलं उत्तर बरोबर होतं. हात सवयीनं खाली सरकला. मी दुसऱ्या हातानं तो धरला अन् वर आणला. बाजूच्या पोट्ट्याले वाटलं बाईचा हात दुखून राहिला.

बाहेर आल्यावर तू रुमाल घेतला, झटकला, "चलतो दुल्हेभाई" म्हणाला. अन् मग माह्या बाजूच्या भिंतीकडं पाहून बोलला, "पहिलंच उत्तर बरोबर होतं, लय ठिकाणी." भिंत काही परीक्षेले बसली नव्हती. म्हून मी समजते का ते मलेच सांगितलं.

आता जे होईन ते होईन. मले कालपासून बरं वाटून राहिलं.

आपा


अमरावती
३० डिसेंबर २०२३

साजिद,

आता तू फोन उचलतो, तरी हे लिहूनच सांगते. फोनवर तहरीम बाजूले बसून सगळं ऐकते, अन् मधातच हसते.

काल तू असा येशीन हे ध्यानीमनीबी नव्हतं. दुकानात सुंदराबाई नातीची गादी न्यायले बसल्या होत्या, दोन गिऱ्हाईक होते, अन् तू पायरी चढून आला, सलाम केला, अन् भरून ठेवलेल्या नव्या गादीवर चपलेसकट बसला. गयासुद्दीननं उठवलं नाही. दुसऱ्या कोणाले त्यायनं बसू दिलं नसतं.

सुंदराबाईनं तुले ओळखलं अन् पदर सावरून विचारलं, "काय साजिदभाऊ, पास झाले का?" तू मान हलवली. मीबी पास झाली हे त्यायले सकाळीच सांगून झालं होतं, या खेपेले चहा घ्या म्हणायची वेळ आली नाही. मग त्या म्हणे, "दोघंबी पास, लय चांगलं झालं. कोणाले किती मार्क भेटले?" गिऱ्हाईकबी कान टवकारून उभे. तुहा चेहरा पुन्हा तसाच झाला, क्लासमधून उठून आला असशीन तवा झाला असन तसा. मले समजलं का आता हा उठते.

अन् तू खांद्यावरचा रुमाल काढून माह्या हातावर टाकला.

किती वर्षं झाले त्याले. लहानपणी आपण खेळत होतो तसं. तू हळूच म्हणाला, "पहले आपा." आकडे आठवतीन का नाही ते समजेना, पण हाताले आठवलं. आधी दहाईचा मोठा आकडा दाबला, मग सुट्टा. तू जरासा थांबला, अन् मग तुहा दाबला. मोठा आकडा तोच. सुट्ट्यात एक बोट कमी. मग रुमाल उचलून तू सगळ्यायले ऐकू जाईन असं म्हणाला, "आपा जिंकली." सुंदराबाई म्हणे, "अरे, पण किती ते आमालेबी सांगा ना." आपण दोघंबी काही बोललो नाही. मी. मीसुद्धा बोलली नाही.

रातभर नाही, पण घडीभर त्यावर विचार केला. मले आजपर्यंत वाटे का रुमाल फसवायलेच असते. पण बाजारात एखाद्याचा बैल पडेल भावात जाये, तवा ते चार लोकायत होऊ नये, त्याले मान वर करून घरी जाता यावं, म्हूनबी अब्बा तो टाकत असतीन. माह्या ऑगस्टच्या निकालावर मीच पदर टाकून बसली होती, मग तुले काय बोलू? ही एक गोष्ट तुही बरोबर होती. पण घराच्या भावावर रुमाल नाही म्हणजे नाही, तिथं मी ऐकणार नाही. तू काल जाताना सांगितलं का आता दुकानात घेणाऱ्याले अन् विकणाऱ्याले एकाच बाकावर बसवतो. तहरीमले विचारून खात्री केली. खरं हाय म्हणाली.

बोर्डात डॉटर लिहू का असं तू विचारलं, त्याचं उत्तर राहिलं होतं. नको. पेंटर अक्षरामागं पैसे घेते. बोर्ड हाय तसा राहू दे, फक्त पुसून काढजो, मागच्या वेळी त्याच्यावर लय धूळ होती.

आता शेवटचं. काल तू बसस्टँडवर पोहोचलाबी नसशीन, तोच तहरीमनं मले तुह्या निकालाचा फोटो पाठवला. खुशीत पाठवला, बिचारीले काय माहीत. मी चष्मा लावून पाहिला. मग गयासुद्दीनले दाखवला. तुहे मार्क माह्याहून कितीतरी जास्त हाय, साजिद. रुमालाखाली तू पुन्हा खोटा भाव सांगितला.

पहिल्यांदा राग आला, मग मी नव्या गादीवर, तू बसला होता तिथंच, बसून रडली. गयासुद्दीननं फोन हातातून घेतला अन् म्हणे, आता फोन करून त्याच्याशी भांडशीन का? मी म्हटलं, नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी पहिला भाव घेतला. तू जो दाबला तोच खरा. तहरीमले सांग, तिनं मले कोणता फोटो पाठवला नाही, अन् मी काही पाहिलं नाही. डबा देऊन टाकते, जुम्म्याले तिले घेऊन ये, कलेजी या खेपेले मी करते.

तुह्याहून एक बोट जास्त,
आपा